मामीचे खडे आणि पहिला वडा

४ डिसेंबर २००३, गुरुवार. पोलादपूर

वही घेऊन बरेच दिवस झाले. रोज म्हणतो आज लिहू. एकदा पेन नव्हतं. एकदा पेन होतं तर लाइट नव्हती. एकदा दोन्ही होतं, तर आंबेनळी घाटाच्या वळणात ट्रक आडवा झालाय असं कळलं आणि तो बघायला गेलो. बघण्यासारखा होता. कोणाला लागलं नाही, पण टोमॅटो खालच्या दरीपर्यंत.

तर आज सुरुवात. गोव्याला बोटीवर काम देतो म्हणालेला दोस्त आता वाट बघायची सोडून बसला असेल. मी पोलादपूरला उतरलो तो मामीकडे वडे खायला, एका दुपारपुरता. अजून इथेच आहे. बारावी अशीच अर्धी सुटली, चिपळूणचं गॅरेज असंच सुटलं. गोव्याचं तर सुरूही झालं नाही, म्हणजे सुधारणा आहे.

मामीची खानावळ हायवेला, एसटी थांबते तिथे. कोंबडी-वडे. मामा मुंबईला वॉचमन, गणपतीला नि शिमग्याला येतो. बाकीचं वर्ष मामी आणि शेवंता, वडे थापणारी. मामीचा एकच नियम, तिच्या सासूने घालून दिलेला: कढईतला पहिला वडा तिचा. फुंकर मारून तिथेच खाते, मगच गिऱ्हाइकाच्या ताटात वडे पडतात. मार्गशीर्षात ती कोंबडीला तोंड लावत नाही, रश्श्याचं मीठ वासावर ओळखते. पण वडा सुटत नाही.

आज मात्र गुरुवार, वडाही नाही. सकाळपासून उपाशी, दुपारी साबुदाण्याची खिचडी, वर तूप. आणि दुपार कलली तशी बरगडीखाली उजवीकडे हात दाबून मोरीपाशी बसली. तोंड पांढरं. शेवंता म्हणाली, पाठीत उजव्या फऱ्याखाली पण कळ मारते, मीच चोळून देते, लई दिवस चाललंय. मामी म्हणते गॅस आहे. सोलकढी प्यायली. गॅस तिथेच.


७ डिसेंबर, रवि.

काल शनिवार, वडा खाल्ला, दुखलं. आज रविवार, गर्दी, वडा खाल्ला, रश्श्यावरचा तवंग आंबोळीने पुसून खाल्ला (कोंबडी नाही, तवंग चालतो, हे कुठल्या पोथीत आहे विचारलं नाही). आज जास्त दुखलं. ओकली.

सोमवारी खानावळ बंद असते. गेल्या सोमवारी दिवसभर पेज प्यायली होती आणि ठणठणीत होती. नदीवर गोधड्या धुऊन आली. मी म्हटलं, मामी, तेल पोटात गेलं की दुखतंय तुला.

म्हणाली, "माझ्या तेलाला नावं ठेवतोस? अख्खा हायवे खातो माझं तेल."

अख्खा हायवे खातो, पण दुखतं तिला एकटीलाच. शेजारणी येऊन कुळथाचं पाणी सांगून गेल्या. पितेय. आता कुळथाचा वास आणि तोच गॅस.


१० डिसेंबर, बुध.

महाड. मामीला कशीबशी नेली. तिला सांगितलं पीठ बघायला चाललोय, मग दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबवली. रस्ताभर पिठावर बोलत होती, पायरीवर आल्यावर माझ्यावर.

सर्जन मॅडम आहेत, महाडच्याच. केस पांढरे, आवाज मास्तरणीचा. सोनो. केली. पित्ताच्या पिशवीत खडे. एक नाही, पुष्कळ.

मॅडमनी कागदावर चित्र काढून दाखवलं. वर यकृत. त्याच्या पोटाखाली लहानशा वांग्याएवढी पिशवी. यकृत रात्रंदिवस पित्तरस बनवतं, पिशवी तो साठवते आणि घट्ट करते. तेल-तूप पोटात आलं की पिशवी आवळते, रस आतड्यात सोडते, तेल फुटतं आणि पचतं. आपण पित्त झालं म्हणतो ती आंबट जळजळ, ती वेगळी. या रसातला चरबीचा भाग वाढला, किंवा पिशवी नीट रिकामी होईना, की तळाला साका बसतो. साक्याचे खडे. पिशवी आवळली की खडा तोंडाशी अडकतो. ती कळ.

म्हणजे बंबाच्या तळाला बसतो तसं, मी म्हटलं. मॅडम म्हणाल्या तसंच समजा.

सोमवारचं, पेजेचं, खिचडीवरच्या तुपाचं सांगितलं. मॅडम चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. काय शिकतोस? म्हटलं, सध्या काही नाही. म्हणाल्या, वाटलंच, नाहीतर एवढं लक्ष गेलं नसतं.

मामीने विचारलं, माझ्याच का? काय पाप? मॅडम म्हणाल्या पाप नाही, बायकांना जास्त होतात, बाळंतपणांनंतर जास्त, काही घराण्यातून येतात, वजन अंगावर आलं की येतात, आणि दिवस दिवस उपाशी राहिलं की पिशवी आवळतच नाही, रस आत पडून राहतो. मामी माझ्याकडे बघून म्हणाली, घे, आता देवाचा उपास पण काढला.

कुळीथ? मॅडम म्हणाल्या, तो मूतखड्याला देतात. तो खडा लघवीच्या वाटेवर असतो. या पिशवीतून त्या वाटेला रस्ताच नाही, कितीही प्या. गोळ्या? बारीक खड्यांना कधी लागू पडतात, वर्षं लागतात, सोडल्या की खडे परत. तुमच्यासारख्यांना नाही. दुखत नसते तर मी खड्यांना हातही लावला नसता, खूप लोक घेऊन फिरतात. पण तुमचे अडकायला लागलेत. एखादा खाली नळीत उतरला तर कावीळ, ताप. पिशवी काढायची. दुर्बिणीतून, चार छोटी भोकं, एक-दोन दिवसांत घरी. तारीख २३.

मामीने पिशवी काढायची हे ऐकलं आणि पुढचं काही ऐकलं नाही.


११ डिसें., गुरु.

उपास केला नाही. पेज प्यायली. 

संध्याकाळी भांडी घासता घासता सांगितलं. पिशवी गेली तर तेल कोण पचवणार? म्हणजे वडा बंद. म्हणजे चाखणं बंद. "न चाखता वाढणारी बाय मी नाय रे रघ्या. त्यापेक्षा कुलूप लावीन."

आणि कुलूप म्हणजे काय ते मला माहीत आहे. खानावळ काढली तेव्हा मामाने अट घातली होती: ज्या दिवशी झेपणार नाही त्या दिवशी कुलूप, आणि मुंबईला यायचं, दिवा स्टेशनजवळच्या खोलीत. त्या खोलीत मामी एकदा पंधरवडा राहिली आहे. खिडकीतून दुसऱ्या खिडकीतला माणूस दिसतो, म्हणते, तो पण आपल्याकडेच बघत असतो, दोघांना काम नाय.

म्हणून मामाला कळवायचं नाही. शेवंताला शपथ, मला शपथ. माझी शपथ घेताना जरा थांबली, मग म्हणाली तुझी नको, तू विसरशील. नुसतं तोंड बंद ठेव.

मॅडमना नीट विचारायला हवं होतं. पिशवी गेल्यावर पुढे काय. राहून गेलं, बाहेर कुल्फीवाला होता.


१४ डिसें., रवि.

तात्या परवा आले. मामीचा थोरला भाऊ, कुडपणचा. डोंगरावरून उतरले ते नाचणीची पिशवी, मधाची बाटली आणि इलाज घेऊनच. इलाज त्यांना एसटीत शेजारी बसलेल्या माणसाने सांगितला. त्याच्या साडूचे खडे पडले, सगळे, एका रात्रीत.

काल दिवसभर मामीला नुसतं सफरचंद. रात्री पेलाभर गोडेतेल, पेलाभर लिंबाचा रस, ढवळून, एका दमात. मग उजव्या कुशीवर. मी म्हटलं अहो, एका वड्याच्या तेलाने जी ओकते तिला पेलाभर? तात्या म्हणाले, "रघुनाथा, शाळा सोडलीस ना? मग डाक्टरकी पण सोड."

रात्र वाईट गेली. मामी कण्हत होती, तात्या उंबऱ्यात बसून देवाचं नाव घेत होते. मीही घेतलं.

सकाळी मामी परसाकडून आली आणि तात्यांना खूण केली. तात्या बादली घेऊन गेले. परत आले तेव्हा चेहरा असा की लॉटरी लागली. हिरवे खडे. लहान, मोठे, वाटाण्याएवढे, एक तर बोराएवढा. तीन पाण्यांनी धुतले आणि काचेच्या बरणीत भरले.

"आता कसली पिशवी नि कसलं आप्रेशन गो इंदे? निघाले सगळे."

मामी रडली आणि हसली. पोटात आता काहीच दुखत नाही म्हणते. कालपासून सफरचंदाशिवाय काही खाल्लंच नाही तर काय दुखणार, हे मी मनात म्हटलं.


१६ डिसें., मंगळ.

तात्यांनी बरणी गल्ल्यावर मांडली. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. बडीशेपेच्या वाटीशेजारी.

दुपारी कोल्हापूरकडचा एक ट्रक ड्रायव्हर जेवला, पैसे दिले, बडीशेप घेतली, आणि बरणीचं झाकण काढलं. पाचक गोळ्या समजला. मामी कढईपाशी होती, तिथून झारा फेकला. तो बरणीला न लागता ड्रायव्हरच्या मनगटाला लागला. बिचारा. त्याला खरं काय ते सांगितल्यावर हात धुऊन धुऊन बाहेरचं पिंप रिकामं केलं. जाताना म्हणाला, वडे मात्र झकास आहेत मावशी.

बरणी आता फळीवर, देवाच्या खाली.

मामीचा निकाल: ऑप. नाही. मी उद्या महाडला जाऊन मॅडमना सांगायचं, तारीख रद्द, आणि पुराव्याला बरणी दाखवायची. सायकल शेवंताच्या नवऱ्याची.


१७ डिसें., बुध.

आज काय झालं ते नीट क्रमाने लिहायला हवं.

सकाळी निघालो. बरणी कापडात गुंडाळून हँडलला. सरळ दवाखान्यात जायचं होतं. पण महाड आलं तसा एकजण भेटला, सवच्या गरम झऱ्याला चाललेला, पाठीच्या दुखण्यासाठी, गरम पाण्यात बसायला. सव मी कधी बघितलं नव्हतं. पलीकडेच तर आहे. गेलो.

पाणी खरंच गरम आहे. जमिनीतून गरम पाणी येतं आणि कोणी चूल पेटवलेली नाही, याचं मला अजून नवल वाटतंय. पाय सोडून बसलो. बरणी काठावर ठेवली, मग वाटलं कोणाचा पाय लागेल, म्हणून पाण्यातच एका दगडाच्या खोबणीत अडकवून ठेवली, गळ्यापर्यंत. पाठदुखीवाला आपल्या सुनेबद्दल सांगत होता. सून चांगली वाटली, तोच जरा… असो. गोष्ट लांबली.

बरणी उचलली तर खडे नाहीत.

आधी वाटलं कोणी काढून घेतले. मग नीट बघितलं. तळाशी हिरवं तेल. वर एकदोन गोळे अर्धे विरलेले, तेही हलवले तसे गेले.  मामीचे खडे मी वितळवले.

मॅडमसमोर बरणी ठेवली आणि खरं ते सांगितलं, सवसकट. मॅडम एवढ्या हसल्या की आतून नर्स बघायला आली. म्हणाल्या, तुला माहीत आहे का तू काय केलंस? तेल आणि लिंबू पोटात गेलं, पोटातल्या रसांनी त्याचे साबणासारखे गोळे झाले, पित्ताने हिरवे रंगले. ते खडे नव्हतेच. मग कपाटातून एक छोटी बाटली काढली, कोणाचे तरी खरे खडे, आणि नर्सला चहाचं उकळतं पाणी आणायला सांगितलं. टाकले. चहा थंड होईपर्यंत बघत बसलो. खडा होता तसाच.

या वेळी विचारलं, पिशवी काढल्यावर तेल कोण पचवणार. मॅडम म्हणाल्या, अरे, रस यकृत बनवतं, पिशवी नाही. ती नुसतं साठवते. ती गेली की रस थेंब थेंब सरळ आतड्यात. सुरुवातीला तेलकट झेपत नाही, शौचाला पातळ होतं काहींना. हळूहळू शरीराला सवय होते. बहुतेक लोक सगळं खातात.

बहुतेक? म्हटलं.

बहुतेक, म्हणाल्या. मी खोटं सांगत नाही.

तारीख रद्द केली नाही.


१८ डिसें., गुरु.

रात्री बरणी दाखवायची हिंमत झाली नाही. सांगितलं मॅडम नव्हत्या, आणि बरणी कापडासकट फळीवर ठेवली. सकाळी मामीने फळीवरून स्वतःच उतरवली.

थंडी होती. रात्रीत तेल परत थिजलं होतं, हिरवा थर, बरणीच्या आकाराचा. मामी बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं झारा येतोय. तिने बरणी चुलीशेजारी नुसती सरकवली. थोड्या वेळाने कडेने सुटायला लागलं.

तात्या म्हणाले, ह्याने काहीतरी कालवलं असणार.

मामी म्हणाली, "तात्या, माझा जन्म तेलात गेला. हे तेल हाय. माझंच, परवाच्या डब्यातलं." आणि मग, "तू मला पेलाभर तेल पाजलंस आणि तेच धुऊन बरणीत भरलंस."

तात्या उठून बाहेर गेले, एसटीच्या पाटीखाली जाऊन उभे राहिले. दोन गाड्या गेल्या तरी चढले नाहीत. शेवटी मामीनेच चहाला हाक मारली.

दुपारी कळ आली. सगळ्यांत मोठी. या वेळी गॅस कोणी म्हटलं नाही. मी मॅडमचं सगळं सांगितलं, थेंब थेंब, सवय, आणि बहुतेक हा शब्दही. तो गाळावासा वाटत होता.

मामी म्हणाली, बहुतेक म्हणजे वडे फुगतात तसं. बहुतेक फुगतात.

जाणार आहे.


२३ डिसें., मंगळ. महाड

झालं. नीट झालं. चार भोकं, चार पट्ट्या. शुद्धीवर आली तेव्हा पहिलं विचारलं, पीठ भिजवलं का शेवंताने.

मॅडमनी खडे बाटलीत दिले. पिवळट, तपकिरी, एकमेकांना घासून कडा आलेले, भाजलेल्या चण्यांसारखे. मामी म्हणाली, एवढ्याशांनी एवढं नाचवलं. मग तात्यांकडे बोट करून मॅडमना म्हणाली, याचा पण फोटो काढा आतला, एकाच आईची आम्ही. तात्या गॅलरीत निघून गेले.


२८ डिसें., रवि.

मामी घरी. पेज, मऊ भात, फोडणीशिवायचं वरण. उचलायचं काही नाही. खाटेवरून हुकूम.

खानावळ मी, शेवंता, तात्या. पहिल्या वड्याचा प्रश्न होता. मला मीठ कळत नाही हे पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकांनी सांगितलं. शेवंता म्हणते तिचा हक्क नाही, ती थापणारी. म्हणून तात्या. प्रायश्चित्त म्हणून चाखतात. पहिला वडा चाखल्यावर म्हणतात नक्की कळलं नाही, दुसरा बघू. चौथ्याला कळतं.

खाटेवरून मामी: "तात्या, चाखतोयस का जेवतोयस?"

तात्यांनी खऱ्या खड्यांतला एक रश्श्याच्या उकळीत घालून बघूया म्हटलं, नुसती खात्री म्हणून. शेवंताने त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. मग वेगळ्या पातेल्यात, पाण्यात. वितळला नाही. पातेलं टाकून दिलं.

गोव्याच्या दोस्ताचा निरोप आला, जागा अजून आहे, येतोस का. विचार करतो असं कळवलं. करत नाहीये.


११ जानेवारी २००४, रवि.

मामी चुलीपाशी उभी राहते आता. काल फोडणीचं वरण, त्रास नाही. परवा चपातीला तूप लावलं, दोनदा पळावं लागलं. मॅडम म्हणाल्या होत्या तसंच. तरी रात्री विचारत होती, दिव्याच्या खोलीत पंखा हाय का रे अजून.

मामाचा शेजारच्या टेलिफोन बूथवर फोन. मीच घेतला. सगळं ठीक? ठीक. तुझी मामी का येत नाही फोनवर? वडे तळतेय म्हटलं.  मामा म्हणाला, सोमवारी तर खानावळ बंद असते ना… आणि फोन कटला. आज तर रविवार आहे. काय विचारायचं होतं कळलं नाही.


१८ जाने., रवि.

आज वडा खाणार, असं मामीने सकाळीच जाहीर केलं. मॅडमची परवानगी आहे, एक, छोटा. तात्या कालच कुडपणला जाणार होते, गेले नाहीत.

कढई तापली. शेवंताने पहिला वडा सोडला, तोही लहान थापला मुद्दाम. मामी म्हणाली, पोराच्या बारशाचा करतेस काय, नेहमीचा कर. दुसरा थापला. फुगला. मामीने झाऱ्यावरून उचलला, फुंकर मारली, मोडला, वाफ गेली, अर्धा तोंडात. आम्ही तिघे बघतोय. चावली, थांबली.

"मीठ कमी हाय. इतके दिवस असेच वाढलेत?"

तात्यांनी वर बघितलं. उरलेला अर्धाही खाल्ला तिने, मग ताटं लागली.

आता दुपार कलायला लागली आहे. हीच ती वेळ. गर्दी ओसरली. मी गल्ल्यावर हे लिहितोय, म्हणजे लिहिण्याचं निमित्त. शेवंता भांडी घासत नाहीये, नुसती पाणी ओततेय. तात्या एकच टेबल पुसतायत. मामी पाठमोरी कांदा चिरतेय. कोणी विचारत नाही. मधे एकदा सुरी थांबली, तिघांचे हात थांबले. तिने नाक पुसलं. कांदा.

मुंबईची एसटी थांबली. इथे या वेळी कोणी उतरत नाही.

मामा उतरतोय. ना गणपती ना शिमगा. खांद्यावर ट्रंक. भरलेली आहे की इथलं सामान न्यायला रिकामी आणलीय, ते इथून कळत नाही. कोणी कळवलं? तात्या माझ्याकडे बघतायत, मी शेवंताकडे.

मामी सुरी ठेवून दारात गेली आहे. हात बरगडीवर नाही. कमरेवर आहे.